जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा सोडायच्यात, जुन्या जवळ येऊ देत नाहीत. कसं करू?

परसदार_लांजा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे परसात सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबड्या आता दोन-अडीच वर्षांच्या झाल्यात, अंडी कमी झाली म्हणून गणपतीनंतर टेंपोवाल्याकडून सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) घेतल्या. तो गावरान गावरान म्हणत होता पण पाय जाडजूड आणि पिवळे आहेत त्यामुळे क्रॉस असणार, असो. वय त्याच्या सांगण्याप्रमाणे अडीच महिने. सध्या पडवीत जाळी मारलेल्या खोक्यात ठेवल्यात आणि दुपारी थोडा वेळ अंगणात सोडते. पण सोडल्या रे सोडल्या की जुन्यातली एक काळी कोंबडी सगळं सोडून यांच्याच मागे लागते, मान पकडून टोचते, मग बाकीच्या पण सुरू होतात आणि या बिचाऱ्या तुळशीवृंदावनामागे जाऊन एकमेकींच्या अंगावर बसून राहतात, खायला पण येत नाहीत.

सासूबाई म्हणतात रात्री अंधारात गुपचूप खुराड्यात सोड, सकाळी उठल्यावर जुन्यांना वाटतं या आपल्यातल्याच. आमचे हे म्हणतात दिवाळीपर्यंत थांब. खुराडं चिऱ्याचं आहे, आतून साधारण चार बाय पाच फूट, आत आडवा एक बांबू. मावतील ना सगळ्या?

आणि दोन गोष्टी, जुन्यांना लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य आणि तांदळाची कणी घालते तेच यांना चालेल का? आणि नव्यातल्या दोघींच्या तुऱ्यावर काळे ठिपके आलेत, टोचल्याचे असतील ना?

---

वसईकर_आप्पा

ताई तुमच्या सासूबाई बरोबर सांगतायत पण अर्धंच. रात्री कोंबडीला दिसत नाही म्हणून ती भांडत नाही एवढंच, सकाळी उजाडल्यावर तिला व्यवस्थित कळतं की ही कोण नवीन आलीय. त्यांची एकमेकींना ओळखायची नजर पक्की असते, तोंडावरून तुऱ्यावरून ओळखतात. रात्री सोडण्याचा उपयोग तेव्हाच जेव्हा आधी जाळीआडून पंधरा-वीस दिवस रोज बघून झालेलं असतं. बघितलेलंच नसेल तर पहाटे साडेपाचला बंद खुराड्यात मारामारी आणि पळायला जागा नाही, ते अंगणापेक्षा वाईट. म्हणून ज्या रात्री सोडाल त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दार उघडायला स्वतः जा.

बांबूचा हिशोब करा. एका कोंबडीला बसायला 8 ते 9 इंच लागतात. कोंबडा धरून तुम्ही चौदा होणार म्हणजे नऊ-दहा फूट दांडी पाहिजे, तुमच्याकडे आहे पाच फूट. सध्याच्या आठच कशाबशा बसत असतील. अजून एक बांबू टाका आणि तो पहिल्याच्या उंचीवर टाका, खालीवर टाकलात तर रोज संध्याकाळी वरच्यासाठी मारामारी होणार कारण उंच बसेल ती मोठी असा त्यांचा कायदा आहे. दोन बांबूंमध्ये आणि भिंतीपासून फूटभर अंतर सोडा नाहीतर पुढचीच्या अंगावर मागचीची घाण.

आमच्याकडे विरार लोकलचं जे तत्त्व आहे तेच इथे. नवा माणूस पहिल्याच दिवशी येऊन विंडोला बसला तर अख्खा ग्रुप खवळतो, तोच महिनाभर दारात उभा राहिलेला दिसला की आपोआप चौथी सीट मिळते 😄 पण त्यासाठी सीट असायला तर पाहिजे!

---

भंडाऱ्याचा_बंड्या

इतकं कोण करते भाऊ. आमच्या आईनं आयुष्यभर बाजारातून कोंबड्या आणल्या, एक दिवस पायाला सुतळी बांधून अंगणात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या. टोचल्या तर टोचल्या, आठ दिवसांत गप होतात. कोंबडी आहे ती, पोरगी सासरी नाही पाठवून राहिले तुम्ही

---

वसईकर_आप्पा

बंड्याभाऊ तुमच्याकडे अंगण किती मोठं ते पण सांगा ना. वाडीत मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला टोचलं तर ती शेजारच्या बांधावर पळते, विषय संपला. जाळीच्या वीस फुटात कुठे पळणार. आणि बाजारातली कोंबडी मोठी असते, अडीच महिन्यांचं पिल्लू नसतं.

---

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

मारामारीचं नंतर बघू, आधी त्या काळ्या ठिपक्यांचं बघा. परसदार ताई, जवळून फोटो टाका. माझा अंदाज टोचल्याचा नसून देवीचा (कोंबड्यांना फोड येतात तो विषाणूचा रोग) आहे आणि तसं असेल तर खुराडं वगैरे सगळं बाजूला ठेवा.

फरक असा ओळखायचा. टोचल्याची खपली एखाद-दुसरी, लांबट, लगेच सुकते आणि आठवड्याभरात पडून जाते. देवीचा फोड आधी पांढुरका-पिवळसर बारीक असतो, मग चामखिळीसारखा खरबरीत होतो, मग काळपट. रोज नवीन येतात, तुऱ्यासोबत डोळ्याच्या कडेला आणि चोचीच्या कोपऱ्यात पण दिसतात. हा रोग डासांनी पसरतो, कोकणात पावसाळा संपता संपता डास किती असतात ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि टोचाटोचीतून पण पसरतो, विषाणू जखमेतून शिरतो. म्हणजे तुमची काळी कोंबडी त्यांना टोचते तेव्हा ती स्वतःच्या चोचीवर रोग घेऊन बाकीच्यांकडे जातेय. त्यामुळे दुपारचं अंगणात सोडणं आजपासून बंद.

तोंड उघडून आत बघा. आत पिवळसर, दह्याच्या साकासारखा थर असेल तर तो वाईट प्रकार, श्वास अडकतो, लगेच दवाखाना. नुसत्या बाहेर खपल्या असतील तर साधारण तीन-चार आठवड्यांत पक्षी आपोआप बरा होतो, खपल्या ओढून काढायच्या नाहीत, पोव्हिडोन आयोडिन लावायचं, डोळा चिकटला तर कोमट पाण्याने पुसायचा. पडलेल्या खपल्या झाडून जाळून टाका, त्यात विषाणू बरेच महिने राहतो. याला औषध नाही, लस आहे, ती आजारी नसलेल्यांना पंखाच्या पातळ कातडीत देतात. जुन्यांना कधी दिलीय का?

टेंपोवाल्याकडचे पक्षी म्हणजे दहा गावचं पाणी प्यायलेले असतात. कुठलाही नवा पक्षी आणला की कमीत कमी तीन आठवडे, जमलं तर महिना, वेगळा ठेवायचा आणि वेगळा म्हणजे खरोखर वेगळा. पडवीत एका बाजूला आणि अंगणात दुसऱ्या बाजूला असं नाही. भांडी वेगळी, रोज आधी जुन्यांचं आवरायचं मग नव्यांकडे जायचं, उलटं नाही. नव्यांकडची चप्पल पण वेगळी ठेवली तर उत्तम. या काळात बघायचं काय तर शिंकणं, रात्री घशातून घरघर, डोळ्यात फेस, पातळ किंवा रक्ताची विष्ठा, पंख पाडून बसणं. श्वासाचा जुनाट आजार (सीआरडी) झालेला पक्षी वरून बरा दिसला तरी आयुष्यभर दुसऱ्याला देत राहतो. आणि उलटही असतं हां, जुन्या कोंबड्यांना पचलेले जंत आणि रक्ती हगवणीचे जंतू नव्यांना एकदम जड जातात. म्हणून मिसळायच्या आधी दोन्हीकडे जंताचं औषध, वजनाप्रमाणे, दवाखान्यात विचारून.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस हा तर वेगळाच विषय. पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब लासोटा (मानमोडीची पहिली लस), चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात परत लासोटा आणि आठ आठवड्यांनंतर आरटूबी ही मानमोडीचीच लस टोचतात. टेंपोवाला सगळं दिलंय म्हणतो, कागद मागितला की टेंपो सुरू करतो. दिलेलीच नाही असं धरून चालायचं. बाटली शंभर-दोनशे डोसची येते आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे वाडीतली चार घरं गोळा करून एकाच सकाळी सगळ्यांच्या टोचून घ्या. बर्फातूनच आणायची. आजारी पक्ष्याला लस नाही, आधी देवी बरी होऊ दे.

बंड्याभाऊ, तुमच्या आईंचा अनुभव मी नाकारत नाही. पण नोकरीत असताना मी हे पण बघितलंय की आठवडी बाजारातून एक कोंबडी आणली आणि पंधरा दिवसांत वाडीतली सगळी खुराडी रिकामी. बर्ड फ्लूचं तर सोडाच, 2006 ला नवापूरला आणि 2021 ला परभणीच्या मुरुंब्याला आजूबाजूच्या परसातल्या धडधाकट कोंबड्या पण माराव्या लागल्या होत्या.

---

परसदार_लांजा

काका फोटो टाकलेत बघा. तुम्ही म्हणताय तसंच दिसतंय, काल दोन होते आज चोचीच्या कोपऱ्यात पण एक आलाय. तोंडात आत काही नाही, खातायत नीट. जुन्यांना कसलीच लस दिलेली नाही. सहाही जणींना आता मागच्या गोठ्यात हलवलंय, तिथे सध्या गुरं नाहीत, खिडकीला मच्छरदाणीचं कापड ठोकून घेतलं.

---

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

फोटो बघितले, देवीच. घाबरू नका, सुका प्रकार आहे. गोठ्यात संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा, पण दार उघडं ठेवून, कोंडून नको. जुन्यांना या आठवड्यात देवीची लस मिळते का पंचायत समितीच्या दवाखान्यात विचारा, त्यांच्यात अजून फोड दिसत नसतील तर उपयोग होतो. एक महिना मिसळायचा विषय काढायचा नाही. तुमचे यजमान जिंकले :)

---

गुरुजी_नाशिक

मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो आणि गच्चीवर डझनभर कोंबड्या आहेत, त्यामुळे थोडं भांडणाबद्दल लिहितो, महिन्यानंतर उपयोगी पडेल.

टोचणं म्हणजे दुष्टपणा नाही. शेल्डेरप-एबे नावाच्या नॉर्वेजियन माणसाला लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा नाद होता, त्यातून त्याने 1920 च्या सुमारास मांडलं की कळपात कोण कोणाला टोचणार याची पक्की उतरंड असते. सगळ्यात वरची सगळ्यांना टोचते, खालची कोणालाच नाही, आणि एकदा उतरंड ठरली की प्रत्यक्ष मारामारी जवळजवळ थांबते, नुसतं मान वर करून बघितलं तरी खालची बाजूला होते. नवीन पक्षी आला की हे सगळं परत ठरवावं लागतं. म्हणून थोडी टोचाटोची होऊ द्यावीच लागते, आपण दर वेळी मध्ये पडून सोडवलं तर ती ठरतच नाही आणि भांडण लांबतं.

मग मध्ये कधी पडायचं? रक्त दिसलं की. लाल रंग दिसला की बाकीच्या पण तिथेच टोचायला लागतात, गरीब वाटणारी कोंबडी सुद्धा, आणि दोन तासांत पाठ सोलून निघते. जखमी पक्षी ताबडतोब बाजूला, जखमेवर जांभळं जेन्शन व्हायोलेट लावायचं, त्याने जंतू पण मरतात आणि लाल रंग झाकला जातो. हळदीने रंग झाकला जात नाही. दुसरं म्हणजे एखादीला खाण्यापाण्याजवळ येऊच देत नसतील आणि ती संध्याकाळी पण रिकाम्या पोटी (गळ्याखालची पिशवी हाताने चाचपून बघा) जात असेल तर.

तुमची ती काळी कोंबडी बहुतेक वरून पहिली किंवा दुसरी आहे. तिचा उपाय उलटा करायचा, नव्यांना बाहेर काढायचं नाही, तिला काढायचं. चार-पाच दिवस तिला नजरेआड ठेवा, तेवढ्यात बाकीच्यांची नव्यांशी घडी बसते, मग ही परत येते तेव्हा तीच नवखी असते आणि तिचा अर्धा तोरा उतरलेला असतो. महिना वगैरे ठेवू नका, मग तिलाच सगळ्या विसरतात आणि तिचे हाल होतात.

सहाच्या सहा एकदम सोडा, दोन-दोन करून नाही. एकटी-दुकटी म्हणजे सगळा मार तिलाच. आणि वय अजून दीड महिना वाढलं की बरंच काम सोपं होईल. क्रॉस जात असल्यामुळे अंगाने त्या आत्ताच तुमच्या गावठीच्या बरोबरीच्या दिसत असतील, पण त्यावर जाऊ नका. अंग मोठं झालं तरी तुरा फिक्का आणि छोटा असतो, आवाज अजून चिवचिव असतो, जुनीला लगेच कळतं हे पोर आहे.

अंगणात आडोसे करा. उभी ठेवलेली पाटी, भिंतीला टेकवलेला पत्रा, झावळ्यांचा ढीग, काहीही, फक्त दोन्ही बाजूंनी उघडं पाहिजे. एकाच बाजूने उघडा कोपरा म्हणजे सापळा.

---

भंडाऱ्याचा_बंड्या

गुरुजी हे काळीला कोंडायचं आवडलं. माझ्याकडं एक लाल आहे तशीच, आज रात्रीच डालग्याखाली टाकतो तिला

बाकी एक सांगू का, पुढच्या वेळी विकत आणूच नका. एखादी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी ठेवा, नाहीतर एक दिवसाची पिल्लं आणून रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवा, सकाळी तिचीच. पिल्लं आईमागं कळपात फिरतात, कोणाची हिंमत नाही त्यांना टोचायची, कोंबडा पण दोन पावलं मागं होतो. आई दीड-दोन महिन्यांनी त्यांना टोचून लांब करते तोपर्यंत कळपाला सवय झालेली असते. यात आपल्याला काहीच करावं लागत नाही, माझ्यासारख्या आळशी माणसाला हेच बरं

---

वसईकर_आप्पा

हे मात्र शंभर टक्के. रात्री सरकवायचं अंधारात, ते पिल्लांसाठी आणि खुडूक कोंबडीसाठी खरं आहे. परसदार ताईंच्या सासूबाई बहुतेक तेच सांगतायत, फक्त ते मोठ्या तलंगांना लागू होत नाही. आणि पिल्लं दोन-तीन दिवसांच्या आतलीच हवीत, आठ दिवसांचं पिल्लू ती घेत नाही.

---

पेडण्याची_माय

खाद्याचं कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहिते. लेअर खाद्य तलंगांना घालू नको गं. त्यात अंड्याच्या कवचासाठी चुना भरपूर असतो, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम, आणि वाढत्या पक्ष्याला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं सगळं मूत्रपिंडावर येतं, आतून खराब होतात, वरून काही कळत नाही, मग एक दिवस मरून पडते आणि आपण म्हणतो कोणाची नजर लागली.

आता एकाच अंगणात चौदा जणींना दोन प्रकारचं खाद्य घालणं म्हणजे शक्यच नाही, एकमेकींचं खाणारच. म्हणून आम्ही काय करतो, मिसळल्यापासून सगळ्यांनाच ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) घालतो आणि शिंपल्यांची भरड वेगळ्या करवंटीत ठेवून देतो. अंड्यावरच्या कोंबड्या आपणहून जाऊन खातात, तलंगा बघत पण नाहीत. शिंपले तुमच्याकडे पण किनाऱ्यावर मिळतील, धुऊन भाजून खलबत्त्यात जाडसर कुटायचे. अंड्याची कवचं पण चालतात, पण भाजून बारीक करून, अख्खी टाकलीस तर अंडी फोडायची सवय लागते आणि ती एकदा लागली की जात नाही. नव्या अंड्यावर आल्या की परत सगळ्यांना लेअर. गावठी सहा-सात महिने घेते, तुझ्या क्रॉस आहेत तर पाच-साडेपाचला पण येतील.

नुसती कणी जास्त नको, पोट भरतं पण अंडी त्याने येत नाहीत. शेवग्याचा पाला बांधून टांग, टिपत बसतात, भांडायला वेळ राहत नाही.

खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, आणि एका ठिकाणी उभी असलेल्या कोंबडीला दुसरं भांडं दिसणार नाही अशी ठेव. शेजारीशेजारी दोन ठेवलीस तर ती तुझी काळी दोन्ही राखत बसेल.

---

परसदार_लांजा

सगळ्यांचे खूप आभार. कळवायचं राहिलं होतं. देवीची लस दवाखान्यात मिळाली, जुन्यांना दिली. नव्यांतल्या अजून दोघींना फोड आले होते पण आता सगळ्यांच्या खपल्या पडल्या, गोठा झाडून चुना मारला. जंताचं औषध दोन्हीकडे झालं. सध्या गोठ्याच्या दाराला जाळी लावलीय आणि जुन्यांचं खाणं त्या जाळीला लागूनच घालते, दोन्हीकडून खातात. पहिले काही दिवस काळी जाळीवर उड्या मारायची, आता लक्ष पण देत नाही. दुसरा बांबू बसवला, समान उंचीला.

एकच नवीन प्रश्न, सहातले दोन कोंबडे निघाले! परवापासून आरवायचा प्रयत्न करतायत, आवाज फुटक्या पिपाणीसारखा. तुरे पण लालभडक झालेत. जुना कोंबडा जाळीपलीकडून पंख खाली करून फेऱ्या मारतो. या दोघांना पण सोडू का?

---

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

उत्तम काम. सगळ्या एकदम मोकळ्या करायच्या आधी एक करा, जुन्यातली एक गरीब स्वभावाची कोंबडी आठवडाभर नव्यांबरोबर गोठ्यात ठेवा. तिला काही झालं नाही तर नवे पक्षी रोग बाळगून नाहीत याची बऱ्यापैकी खात्री होते, आणि काही झालंच तर एकच जाते, आठ नाही.

कोंबडे नको. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, तुमच्या आता अकरा होतील. तीन ठेवलेत तर ते आपसात भांडतीलच आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसं पण जातील. फक्त जुना कोंबडा असू द्या, कोंबड्यांमध्ये भांडण लागलं की बरेचदा तोच मध्ये जाऊन थांबवतो.

---

भंडाऱ्याचा_बंड्या

दोन कोंबडे जास्तीचे निघाले आणि दिवाळी पण होऊन गेली, यात प्रश्न काय आहे ताई 😋 झणझणीत रस्सा

---

परसदार_लांजा

सासूबाईंचं पण हेच म्हणणं आहे. पण माझ्या मुलाने दोघांची नावं ठेवलीत, त्यामुळे एक शेजारच्या काकूंना दिला, त्यांचा कोंबडा मुंगसाने नेला होता. दुसऱ्याचं गिऱ्हाईक शोधतेय, लांजा-राजापूर बाजूला कोणाला हवा असेल तर सांगा, रंगाने तांबडा आहे, लस झालेली आहे.